मशीन म्हातारं झालंय की उपाशी आहे?

पत्राचा सारांश: नवी मुंबईतल्या एका कोळीवाड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे तिशीतले आहेत. तुर्भ्याच्या कंपनीतली नोकरी सुटल्यावर गणपतीनंतर ते वडिलांच्या होडीवर जाऊ लागले. होडी फायबरची, तिला ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं मशीन), सेकंडहँड घेतलेलं. गेले दोन महिने हे मशीन भर खाडीत दगा देतंय. सुरू एका झटक्यात होतं, हळू चालवलं तर तक्रार नाही. पण रेस वाढवून दहा-पंधरा मिनिटं झाली की अचानक ताकद जाते, मशीन गुरगुरत खाली बसतं, कधी बंदही पडतं. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केलं की जसं काही झालंच नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला आणि आता तो म्हणतो, "पिस्टन-रिंग गेल्यात, ब्लॉक उतरवावा लागेल, त्यापेक्षा नवीन बघा." थोरल्या भावाचं मत असं की यांच्या बायकोचं सोनं गहाण ठेवून फोर-स्ट्रोक मशीन घ्यावं. वडील म्हणतात, मशीनला धाड भरलेली नाही, हा पोरगा ते पिळतो. माझ्या हातात असताना कधी बंद पडलं का? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: शिमग्यानंतर जुनी टाकी फुटली म्हणून पन्नास लिटरचा प्लास्टिकचा ड्रम बसवलाय आणि पेट्रोल हिंदकळून सांडू नये म्हणून झाकणाला रबर लावून ते घट्ट केलंय. प्रश्न असा की ऐकायचं कोणाचं आणि कर्ज काढायचं का?

उत्तर:

सोनं आत्ता कपाटातून काढू नका. नवीन मशीन कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलेलं दुखणं मला मशीनच्या आतलं वाटत नाही. आणि ते बाहेरचं असेल तर नवं कोरं मशीनसुद्धा त्याच ड्रमला, त्याच पाइपला, पाइपातल्या त्याच रबरी फुग्याला जोडलं जाणार आहे. मग तेही वाशीच्या पुलाखाली असंच बसेल, फरक इतकाच की तेव्हा बँकेचा हप्ता चालू असेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार आउटबोर्डच्या धंद्यात मी फार पाहिलाय.

आधी रिंगांचं बोलू, कारण तुमच्या घरातली सगळी चर्चा त्या एका शब्दावर उभी आहे. झिजलेल्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) दहा मिनिटं विश्रांती घेऊन बऱ्या होत नाहीत. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं मशीन सकाळी थंड असताना सुरू करायलाच त्रास देतं, दोरी ओढून ओढून हात भरून येतात, आणि चालू झालं तरी पहिल्या मिनिटापासून मरगळलेलं असतं. तुमचं मशीन एका झटक्यात सुरू होतं आणि पहिली दहा मिनिटं पूर्ण ताकदीने पळतं. जे येतं आणि जातं ते झिजणं नव्हे. तरीही मेकॅनिकच्या म्हणण्याला मान देऊन एक गोष्ट करा. त्याला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. सगळे प्लग काढायचे, किल स्विचची (मशीन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून मशीन सुरू करायची दोरी चार-पाच वेळा खेचायची. आकडा किती यापेक्षा सिलिंडरच्या आकड्यांमध्ये फरक किती हे पाहायचं. सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर ब्लॉक उतरवण्याचं कारण मला दिसत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, इतकं स्पष्ट बोलायला हरकत नाही. फक्त चहा पाजून बोला, कारण पुढे हाच माणूस आपल्याला लागणार आहे.

आता "अचानक ताकद गेली" या तुमच्या वाक्याकडे येतो. अशी पत्रं मला बऱ्याच जणांची येतात आणि प्रत्येकात हाच शब्द असतो, पण जाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. कोणी दिवा मालवावा तसं मशीन क्षणात गप्प झालं तर बहुतेक वेळा वीज गेलेली असते: किल स्विचची दोरी सैल, मुख्य फ्यूज, बॅटरीची गंजलेली टर्मिनलं, कुठेतरी हिरवी पडलेली वायर. मशीनचा आवाज उलट चढला आणि होडी मात्र रेंगाळली, तर मशीन ठणठणीत आहे आणि पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फसवतोय. पंख्याच्या मधोमध रबराचा बुश असतो. पंखा कशावर आपटला की त्या रबराची पकड सुटते, आतला दांडा फिरत राहतो आणि पाती मागे पडतात. संशय असेल तर पंख्याच्या मधल्या गाभ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. एक फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. आवाजही बसला, होडीही बसली आणि हादरे वाढले, तर एखादं सिलिंडर मरतंय किंवा पंख्याला काहीतरी गुंडाळलंय. आपल्या खाडीत हे "काहीतरी" म्हणजे नव्वद टक्के वेळा प्लास्टिकची पिशवी. पुलावरून निर्माल्य टाकणारा माणूस ते पिशवीसकट टाकतो आणि हात जोडून निघून जातो. खाली तुम्ही असता.

तुमचं यातलं काहीच नाही. तुमचं मशीन हळूहळू गुरगुरत बसतं, विश्रांतीने सावरतं आणि पुन्हा त्याच रेसवर तेवढ्याच वेळाने बसतं. हे एकतर पेट्रोल कमी पोचण्याचं लक्षण आहे, नाहीतर तापण्याचं. मला पहिल्याचा संशय जास्त येतो, आणि त्याचं कारण तुमच्या वडिलांच्या बोलण्यात आहे.

ते म्हणतात, माझ्या हातात बंद पडत नाही. तुम्ही हे टोमणा म्हणून ऐकलंत. मला तो पत्रातला सगळ्यात चांगला पुरावा वाटतो. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर तासाला साधारण १५ ते २० लिटर पेट्रोल ओढतं. तेच मध्यम रेसवर निम्म्याहून खाली येतं. बाबा जुन्या पद्धतीने भरती-ओहोटीच्या अंगाने, निवांत चालवत असणार. त्यांच्या मशीनला लागणारं पेट्रोल अरुंद वाटेनेही पोचतं. तुम्हाला मार्केट गाठायचंय, तुम्ही रेस देता, आणि तिथे वाट कमी पडते. ड्रम बसला शिमग्यानंतर, त्रास सुरू झाला गणपतीनंतर, म्हणून तुम्हाला दोन्हींचा संबंध लागला नाही. मध्ये पावसाळा होता, होडी बहुतेक किनाऱ्यावर होती आणि गेली तेव्हा बाबांच्या हातात होती. दोष तेव्हाही असेल, त्याला कोणी हात लावला नव्हता इतकंच. तेव्हा बाबाही खरे आणि तुम्हीही खरे. तुम्ही मशीन पिळत नाही, ते ज्या कामासाठी बनलंय तेच करून घेताय.

आता त्या झाकणाच्या रबराबद्दल. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. आउटबोर्डच्या तयार टाकीच्या झाकणावर म्हणूनच हवेचा छोटा स्क्रू असतो. निघताना सैल करायचा, परतल्यावर आवळायचा. तुमच्या ड्रमला असं भोक आहे का, हे पत्रात नाही. नसेल, आणि त्यावर रबर लावून झाकण हवाबंद केलं असेल, तर आत हळूहळू ओढ तयार होते. पंप जोर करून थकतो आणि मशीन उपाशी पडतं. तुम्ही थांबता, तेवढ्यात कुठून तरी थोडी हवा आत शिरते, आणि पुन्हा सगळं सुरळीत. पुढच्या वेळी मशीन बसलं की ताबडतोब ड्रमकडे पाहा: बाजू आत चेपल्यासारख्या झाल्यात का? झाकण फिरवा: "फुस्स" असा आवाज आला का? आणखी एक आठवून पाहा. ड्रम काठोकाठ भरलेला असतो त्या दिवशी त्रास लवकर होतो आणि अर्धा असेल तेव्हा उशिरा, असं आहे का? भरलेल्या टाकीत वर हवेची जागा कमी असते, त्यामुळे ओढ लवकर धरते. हे जुळलं तर उरलेलं माझं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल.

(वाचा मात्र. आणि झाकणाला भोक पाडून तोच ड्रम वापरत राहायचा विचार असेल तर तो सोडा. पाण्याचे-रसायनाचे ड्रम पेट्रोलसाठी बनलेले नसतात. होडीच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी, एवढ्यावर होडी जाते. आउटबोर्डची टाकी आणा.)

ड्रमचं जुळलं नाही, तर फुग्याची परीक्षा. टाकी आणि मशीन यांच्यामधल्या पाइपात रबराचा जो फुगा असतो, मशीन चालू करण्याआधी आपण जो दाबून दाबून कडक करतो, तो नुसता दाबायला नसतो, तो बोलतोही. होडीवर दोघे जा. एक जण मशीनवर, दुसरा फुग्याशी. पूर्ण रेस द्या आणि ताकद उतरायला लागली की मशीन बंद करू नका, फुग्यावर हात ठेवा. फुगा चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे आहे: टाकीची हवा, टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी, नाहीतर दुमडलेला पाइप. फुगा मऊ आहे पण गोल आहे आणि दाबत राहिलं की मशीन पुन्हा उचल खातं, तर एकतर पाइपात हवा शिरतेय किंवा मशीनवरचा पेट्रोल पंप कमी देतोय. या पंपात पातळ पडदा असतो, डायफ्रॅम. तो चिरला किंवा ताठर झाला की हळू रेसला पुरतो, पूर्ण रेसला पुरत नाही. आणि फुगा चांगला टणक असूनही मशीन बसत असेल, तर पेट्रोल तिथपर्यंत नीट आलंय. मग फुग्याच्या पुढचा फिल्टर, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) किंवा वीज, यांच्याकडे वळायचं. तीन उत्तरं, तीन दिशा. मेकॅनिकला फोनवर "मशीन बसतं" म्हणण्याऐवजी "फुगा चपटा होतो" एवढं सांगितलंत तरी त्याचं अर्धं काम झालं.

हवा शिरण्याबद्दल एक सांगतो, कारण यात भलेभले फसतात. पेट्रोलचा पाइप गळत नाही, ओला दिसत नाही, म्हणजे तो चांगला, असं आपण धरून चालतो. फुगा आणि टाकी यांच्यामधल्या पाइपात पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. तिथे बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. सैल क्लिप, जोडणीतलं चपटं झालेलं रबरी वळं (ओ-रिंग), फुग्याच्या तोंडाशी पडलेल्या भेगा, हे हात फिरवून पाहा. आणि पाइप जुना असेल तर आतून पाहा. काही पाइपांना आतून वेगळं अस्तर असतं. ते सुटतं आणि आतल्या आत पडद्यासारखं फडफडतं. कमी ओढीला बाजूला राहतं, जास्त ओढीला वाट बंद करतं. पाइप कापून बघितल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून मी पाइप, फुगा आणि क्लिपा संशय आला की तपासत बसत नाही, सरळ बदलतो.

या सगळ्याहून सोपी परीक्षा एकच आहे, आणि तिला पैसा लागत नाही. शेजारच्या होडीचं मशीन तुमच्याच कंपनीचं असेल तर त्यांची टाकी, पाइप आणि फुगा, तिन्ही एक दिवसासाठी मागून घ्या. तुमच्या मशीनला लागतं त्या प्रमाणात ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल भरा, तुमच्याच मशीनला जोडा आणि बेलापूरहून वाशीच्या पुलापर्यंत पूर्ण रेसने जाऊन या. मशीन बसलं नाही तर दोष किनाऱ्यावर राहिलेल्या ड्रम-पाइपात. बसलं तर तो मशीनवर. ब्लॉक उतरवायच्या गोष्टी त्याच्या नंतर.

पेट्रोलचं काय? पावसाळाभर ड्रममध्ये उरलेलं पेट्रोल तुम्ही तसंच वापरलंत का? आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल जुन्या रबराला खातं, हे एक. दुसरं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे ओलाव्याचं माहेरघर. एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. नळीचं तोंडही तळाशीच असतं. टू-स्ट्रोकला यात जास्त धोका, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि खालून मशीनला जातं ते बिनऑइलचं पाणचट मिश्रण. ड्रमच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर बाहेर, चुलीपासून आणि पोरांपासून लांब, स्थिर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. खाडीत ओतू नका. निवट्या-चिंबोऱ्यांनी आपलं काही बिघडवलेलं नाही. गॅरेजवाला जुनं ऑइल जिथे देतो तिथे द्या. पुढच्या वर्षी होडी वर घेताना टाकी रिकामी करून ठेवा, आणि टाकी ते मशीन या वाटेवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. काचेच्या वाटीचा मिळाला तर उत्तम, खाली साचलेलं पाणी डोळ्यांना दिसतं.

इथे एक इशारा, जो बाबांच्या बाजूने जातो. तुमच्या मशीनला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. बऱ्याच टू-स्ट्रोकला ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहा. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, आणि तेही नेमकं पूर्ण रेसवर, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. तेव्हा मशीन बसतंय हे कळत असताना त्याला तसंच रेटत राहिलात, तर मेकॅनिक आज म्हणतोय ते उद्या खरं होईल. परीक्षेपुरती एक-दोनदा पूर्ण रेस द्या. दोष सापडेपर्यंत रोजचा धंदा बाबांच्या चालीने करा.

पेट्रोलच्या बाजूने सगळं स्वच्छ निघालं तर तापण्याकडे वळू. मशीनच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती जोरात आहे का, ताकद उतरताना ती बारीक होते का, कोमट असायची ती वाफाळते का? तुमचा रस्ता ओहोटीला उथळ पडतो. पंखा चिखल ढवळतो आणि तोच गाळ पाण्याच्या पंपात जातो. आतला इम्पेलर रबराचा असतो, गाळाने त्याची पाती झिजतात. कोरडं मशीन किनाऱ्यावर मिनिटभर चालवून बघण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिने तर तो एका दिवसात जातो. घाणीने तोंड बंद झालं असेल तर धारेच्या भोकात बारीक तार घालून पाहा. कधी कधी मशीन थंडच असतं आणि फक्त धारेचं भोक तुंबलेलं असतं. खरं तापमान कळायला मशीन बसल्यावर लगेच बंद करा, वरचं कव्हर काढा आणि सिलिंडर हेडवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब नुसता ओघळला तर ठीक. चर्र वाजून उडाला तर हेड शंभर अंशांच्या वर गेलंय, जे कधीच व्हायला नको. अशा वेळी पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये आवळतो, मशीन बसतं आणि थंड झाल्यावर पुन्हा मोकळं होतं. विश्रांतीने बरं होणारं आतलं दुखणं असतं ते हे एकच, आणि ते परत परत होऊ दिलं तर पिस्टन कायमचा चिकटतो. इम्पेलर बदला, थर्मोस्टॅट काढून पाहा, आणि रोज परतल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्याने मशीन धुवा. मिठाचे थर पाण्याच्या वाटा आतून बुजवतात.

राहिली प्लगला वीज देणारी कॉइल. काही कॉइल गरम झाल्या की ठिणगी देणं सोडतात आणि थंड झाल्या की शहाण्यासारख्या वागतात. पण त्यात एक सिलिंडर मरतं, हादरा जाणवतो. तुम्ही हादऱ्याचं काही लिहिलेलं नाही. तपासायची वेळ आलीच तर मशीन बसल्या बसल्या स्पार्क टेस्टरने पाहा. चालू मशीनवर प्लगची वायर हाताने ओढायची पद्धत गावोगावी आहे, ती बंद व्हायला हवी. झटका बसतोच, वर सीडीआयही (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाण्याची भीती.

तुमच्या मेकॅनिकला मी लबाड म्हणणार नाही. त्याने मशीन किनाऱ्यावर पाहिलं. तिथे स्वच्छ पेट्रोलची छोटी टाकी जोडतात, पाण्याच्या पिंपात मशीन बुडवतात आणि रेस देतात पाच मिनिटं. होडीचा भार नाही, तुमचा ड्रम नाही, पंधरा मिनिटांचा पल्ला नाही. तिथे त्याला दोष दिसणार कुठून? प्लग झाला, कार्बोरेटर झाला, मग उरलं ते ब्लॉक, अशी त्याने वजाबाकी केली.

ज्यांच्याकडे फोर-स्ट्रोक आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तुमच्या मशीनची ताकद अचानक निम्मी झाली, आवाज एका पातळीवर अडकला, वर रेस जातच नाही आणि सोबत पीं-पीं वाजतंय किंवा लाल दिवा लागलाय, तर मशीनने स्वतःला वाचवायला स्वतःच रेस बांधलीय. तापमान किंवा ऑइलचा दाब पाहा. आवाज त्रास देतो म्हणून बझरची वायर तोडणारे लोक मी पाहिलेत, त्यांना काय म्हणावं!

आणि थोरल्या भावाचं? फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं, धूर कमी, आवाज कमी, हे खरं. ते जड असतं, महाग असतं आणि त्यातली इंजेक्शनची मशीनं घाणेरड्या पेट्रोलला टू-स्ट्रोकपेक्षा कमी सहन करतात, हेही खरं. पुढे-मागे घ्यायचंच झालं तर आधी किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा, ते आता मच्छीमारांनाही मिळतं. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन अनुदान चालू आहे का तेही विचारा. सोनं शेवटी. शिवाय पत्रात भावाचं मत आहे, वडिलांचं आहे, मेकॅनिकचं आहे. ज्यांचं सोनं आहे त्या काय म्हणाल्या ते कुठेच नाही. त्यांना विचारलंत का?

परीक्षेला निघाल तेव्हा भरती लागताना निघा, आणि भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याला ओढ कमी असते. भरतीत मशीन बंद पडलं तर पाणी तुम्हाला आत, वाशी-ऐरोलीकडे नेईल आणि गाळात रुतलात तरी तासाभरात उचलून देईल. ओहोटीत ते तुम्हाला बाहेर, मोठ्या जहाजांच्या वाटेकडे काढील. नांगर आणि पुरेशी लांब दोरी होडीत तयार, वल्ही दोन, लाइफ जॅकेट अंगात (होडीत पायाखाली नव्हे), मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर मोबाइलमध्ये नावाने साठवून ठेवा. कोणी विडी ओढणार नाही. थंडीत फ्लेमिंगो पाहायला पाहुणे नेण्याचा बेत असेल, तर हा दोष सापडून मशीन महिनाभर सलग नीट चालेपर्यंत एकाही पाहुण्याला होडीत बसवू नका, मग तो तुमचा सख्खा मेहुणा का असेना.

त्याच फेरीला मेकॅनिकला सोबत घ्या. फुग्यावर हात त्याचाच असू द्या, म्हणजे कोणी कोणाला समजावत बसायला नको. आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा. खाडीत बसून काहीच दुरुस्त न करता पैसे कसे मागायचे, या संकोचाने बरेच चांगले मेकॅनिक होडीत पाय ठेवत नाहीत.